चारचौघे वाढले तो काळ

चारचौघांत असे बोलू नये, चारचौघांसारखे वागावे, चारचौघे नावे ठेवतील, असे आपण मराठीत उठताबसता म्हणत असतो. हे चारचौघे कोण, ते मात्र सांगावे लागत नाही, कारण ते ओळखीचे असतात. ते आळीतले असतात, जातीतले असतात, भावकीतले आणि गावकीतले असतात. माणसाची अब्रू त्यांच्यापुढे राहते किंवा जाते, वाद त्यांच्याकडे नेला जातो आणि त्यांचा निवाडा पाळावा लागतो. पेशवाई संपली तेव्हाच्या महाराष्ट्रात धर्माचा प्रश्न शास्त्र्यांच्या सभेत सुटत असे, जातीचा तंटा जातीच्या पंचांपुढे जात असे आणि वतनाचे भांडण गोतसभेत किंवा दरबारात तुटत असे. ऐकणारे सगळीकडे मोजकेच असत, आणि कोणी ऐकावे हे जन्माने ठरलेले असे. १८४० ते १८६० या दोन दशकांत हे चारचौघे वाढले, आणि वाढता वाढता त्यांत अनोळखी माणसे येऊन बसली. पुण्यात लिहिलेले पत्र मुंबईत छापले जाऊ लागले. ते कोकणात किंवा देशावर कोणाच्या हाती पडेल, वाचणारा कोणत्या जातीचा असेल, तो रागावेल की विचारात पडेल, हे लिहिणाऱ्याला कळण्याची सोय राहिली नाही. या पुस्तकात ज्या व्यक्तींची आणि घटनांची ओळख करून दिली आहे, त्यांना एकत्र बांधणारा धागा माझ्या मते हाच आहे. त्या काळाने आपल्याला अनोळखी माणसांसमोर आपले म्हणणे मांडायला आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यायला शिकवले.

या काळाकडे पाहण्याच्या काही पद्धती आपल्याकडे रूढ आहेत. एक म्हणजे पहिलेपणा मोजण्याची. पहिले वृत्तपत्र, पहिले नाटक, मुलींची पहिली शाळा, पहिली आगगाडी अशी यादी करायची आणि प्रत्येक नावापुढे 'आद्य' लावायचे. दुसऱ्या पद्धतीत १८५७ चा उठाव मध्यभागी असतो आणि बाकी सगळे त्याच्या आगेमागे मांडले जाते. तिसरी पद्धत सुधारक एका बाजूला आणि सनातनी दुसऱ्या बाजूला उभे करते. या तिन्हींत तथ्य आहे, पण एकीनेही १८४८ सारखे एखादे वर्ष नीट उलगडत नाही. त्या वर्षी साताऱ्याचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. त्याच वर्षी लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात सुरू झाली, पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली आणि मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसारक सभा काढली. हा योगायोग आहे असे म्हणता येईल, पण त्याला एक संगतीही आहे. पुण्याचा दरबार १८१८ मध्ये मोडला होता, आता छत्रपतींची गादीही उरली नाही. मग गाऱ्हाणे घेऊन जायचे कोणाकडे? दाद देणारा गेला तरी गाऱ्हाणी संपत नाहीत, ती नवा ऐकणारा शोधतात. १८४८ च्या आसपास जे जे नवे उभे राहिलेले दिसते, ते या शोधातून उभे राहिले आहे.

हा नवा ऐकणारा प्रथम छापखान्याने जमवला, आणि त्याला जमवणे सोपे नव्हते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने स्वतःचा शिळाप्रेस घातला आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले. तोवर पंचांग हातानेच लिहिले जाई आणि घरोघर येणाऱ्या जोश्याच्या तोंडून ऐकले जाई. छापलेला कागद सोवळ्यात चालत नाही, कारण शाईत चरबी असते, अशी लोकांची शंका होती. गणपत कृष्णाजींनी शंकेखोर लोकांना अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई तयार केली आणि त्या शाईत धार्मिक ग्रंथ छापले. पुढे पंचवीस वर्षांनी उत्तरेत काडतुसाच्या चरबीवरून पलटणी बिथरल्या, तेव्हा सरकारला त्या शंकेचे समाधान करता आले नाही. इथे एका छापखानेवाल्याने तीच शंका आपल्या कारखान्यात बसून सोडवली, कारण त्याला गिऱ्हाईक हवे होते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास कमावावा लागतो हे त्याला ठाऊक होते. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे, म्हणजे एकच गोष्ट राज्यकर्त्याला आणि रयतेला एकाच पानावर वाचता येई. १८४१ मध्ये भाऊ महाजन म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे यांनी 'प्रभाकर' काढले, पुढच्या वर्षी मिशनचा 'ज्ञानोदय' नगरला निघाला आणि १८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश' आला. दहाएक वर्षांत मराठी माणसाला वाद घालायला तीन वेगवेगळी, एकमेकांशी न पटणारी अंगणे मिळाली.

अंगणे मिळाल्यावर वादाचे स्वरूप कसे बदलले, हे १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणात दिसते. परळीकर घराण्यातला नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा लहान भाऊ श्रीपत त्याच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बाप न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला. परंतु कायद्याने घरी आलेला मुलगा पंक्तीत कसा घ्यायचा, हा प्रश्न न्यायालयाला सोडवता येत नव्हता. परधर्मीयांच्या घरी राहिलेल्या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, अशी बाजू जांभेकरांनी घेतली. सनातनी मंडळी खवळली आणि जांभेकरांवर बहिष्काराचे सावट आले. हा प्रश्न पूर्वीच्या पद्धतीने गेला असता तर शास्त्र्यांच्या एका बैठकीत मिटला असता किंवा दडपला गेला असता. या वेळी मात्र वाद वृत्तपत्रांत गेला. प्रायश्चित्ताचे पोथीतले आधार काय, मुलाचे वय काय, त्याचा दोष किती, हे ज्यांचा त्या पंक्तीशी काही संबंध नव्हता अशा लोकांनीही वाचले. जांभेकर काही रूढी मोडणारे बंडखोर नव्हते. ते शास्त्राच्याच आधाराने बोलत होते. पण शास्त्राचा आधार शास्त्र्यांच्या बैठकीबाहेर सांगितला जाऊ लागला की बैठकीचा मक्ता सुटतो. १८४६ मध्ये जांभेकर ऐन उमेदीत वारले, तोवर हा मक्ता सुटायला लागला होता.

लोकहितवादींची शतपत्रे ही त्यापुढची पायरी. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मध्ये ही पत्रे लिहिली, तेव्हा ते पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. ब्राह्मणांचे अज्ञान, अर्थ न समजता केलेले पाठांतर, विधवांचे हाल, आळस, जुन्या राज्याचा कारभार, नव्या राज्याचे कायदे, असा कोणताही विषय त्यांनी सोडला नाही. पत्राचा घाट त्यांनी निवडला, तो अर्थपूर्ण आहे. पोथी समजायला अधिकार लागतो आणि दरबारातला अर्ज वर पाहून लिहावा लागतो, पत्र मात्र बरोबरीच्या माणसाला लिहिले जाते. त्याच सुमारास पुण्यातल्या नव्या शिकलेल्या मंडळींनी दक्षिणा फंडाबद्दल सरकारकडे अर्ज केला. पेशवाईत श्रावणमासात वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही वेगळ्या स्वरूपात चालू होती. त्या पैशाचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या लेखकांना द्यावा, अशी त्यांची मागणी होती. तिच्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. पाठांतर करणाऱ्याला मिळणारा पैसा सर्वांना वाचता येईल असे लिहिणाऱ्याकडे वळला, ही त्या काळातली फार मोठी उलथापालथ आहे. आता कोणी म्हणेल की लोकहितवादींनी स्वतः टोपणनाव घेतले, मग उघडेपणाचे कौतुक कसले? टोपणनावाने माणूस झाकला जातो हे खरे. पण विचार उघड्यावरच राहतो. त्याला उत्तर देता येते, तो खोडता येतो, न पटल्यास त्याच पत्रात उलट पत्र धाडता येते. माणूस लपणे आणि मत लपवणे या दोहोंत फरक आहे, आणि हा फरक पुढच्या एका उदाहरणात महत्त्वाचा ठरणार आहे.

चारचौघांचा हा विस्तार सुधारकांपुरता नव्हता आणि कागदापुरताही नव्हता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली आणि त्यांच्यापुढे. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले आणि आश्रय सुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. ज्या खेळाला आधी एकच यजमान होता त्याला आता पैसे मोजणारा कोणीही पाहू शकत होता. खेळ आवडला नाही तर राजाची मर्जी जाण्याची भीती उरली नाही, तिच्या जागी रिकाम्या बाकांची भीती आली. धर्माच्या क्षेत्रात हेच विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी केले. मिशनऱ्यांच्या टीकेने अस्वस्थ झालेला हा संन्यस्त वृत्तीचा माणूस मठात बसून शाप देत राहिला नाही. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. वाळूवर बसलेल्या गर्दीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान आणि पारशीही होते, आणि प्रश्न कोणीही विचारू शकत होता. वेदांचे समर्थन करायला निघालेल्या माणसाला वेदांचा अर्थ सर्वांदेखत मराठीत सांगावा लागला. १८५९ मध्ये त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' छापून निघाला. म्हणजे परंपरेच्या कैवाऱ्यालाही परंपरेचा बचाव परंपरेबाहेर येऊन करावा लागला. म्हणून सुधारक आणि सनातनी ही विभागणी मला अपुरी वाटते. उघड बोलणारे आणि झाकून ठेवणारे ही विभागणी या काळाला अधिक लागू पडते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही मतांची माणसे सापडतात.

याचा उलट पुरावाही इतिहासाने ठेवला आहे. तो म्हणजे परमहंस सभा. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८४९ मध्ये मुंबईत ही सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा, एकच देव मानावा, मूर्तिपूजा सोडावी, ही तिची तत्त्वे होती. विचारांच्या धिटाईत त्या पिढीतली दुसरी संस्था तिच्याजवळ उभी राहणार नाही. नव्या सभासदाने परजातीच्या आणि परधर्मीयाच्या हातचे खाऊन जातिबंधन झुगारल्याची खूण पटवायची, अशी तिची रीत होती. परंतु हे सगळे बंद दाराआड होते. सभासद कोण हे बाहेर कळू द्यायचे नव्हते, आणि समाजात पुरेसे लोक आपल्या मताचे झाले म्हणजे मग सगळ्यांनी एकदम प्रकट व्हायचे, असा बेत होता. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटली आणि सभा संपली. जातिभेद न मानण्याची शपथ घेतलेली माणसे जातीच्या भीतीने पांगली. त्यांना भेकड म्हणणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. बहिष्कार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. विहीर बंद, न्हावी बंद, मुलीचे लग्न बंद, मर्तिकाला खांदा द्यायला माणूस नाही. चूक त्यांच्या धैर्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या हिशेबात शोधावी. गुप्ततेत मत वाढेल आणि पुरेसे वाढले की बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब होता. पण झाकलेल्या मताला कोणी विरोध करत नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायची सवय लागत नाही आणि परके लोक त्यात सामील होत नाहीत. या मंडळींपैकी काहींच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. त्याची मते परमहंस सभेपेक्षा सौम्य होती, पण त्याचे दार उघडे होते, आणि तो टिकला.

परमहंस सभा मुंबईत दाराला कडी लावून जे करू पाहत होती, ते फुले दांपत्य त्याच वर्षांत पुण्यात भर पेठेत करत होते. शाळा बुधवार पेठेत होती. सावित्रीबाई रस्त्याने चालत शिकवायला जात, लोक त्यांना शिव्या देत, अंगावर चिखल आणि शेण टाकत. मुली शिकतात की नाही हे कोणालाही पाहता यावे म्हणून शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांना बोलावून घेतल्या जात. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला. ज्या शहरात पेशव्यांनी दक्षिणा वाटली, तिथे पेशव्यांच्याच वाड्यात माळ्याच्या मुलाचा शिक्षणाच्या कामासाठी गौरव व्हावा, आणि तोही सर्वांसमोर, हे त्या शहराने डोळ्यांनी पाहिले. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून निघाला. आणि १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत मुक्ताबाई या फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट सवाल होता. पेशवाईत तिच्या जातीच्या माणसांचे कसे हाल झाले, हे तिने सांगितले. बाळंत झालेल्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, मग तिला थंडीवाऱ्याचे किती सोसावे लागते, हेही सांगितले. गावाच्या चारचौघांत तिच्या जातीला जागा नव्हती, उभे राहायचे ते दूर आणि खाली मान घालून. छापील पानावर तिचे अक्षर इतरांच्या अक्षराइतक्याच उंचीचे होते. या पुस्तकातले एकच पान निवडून काळाची खूण म्हणून दाखवायचे झाले, तर मी आगगाडीचे चित्र निवडणार नाही, मुक्ताबाईच्या निबंधाचे पान निवडीन.

या सगळ्याला पहिला आक्षेप येतो तो असा की ही सारी इंग्रजांची आणि मिशनऱ्यांची देणगी आहे. छापखाने त्यांचे, शाळा त्यांच्या, मोल्सवर्थचा कोश त्यांचा, १८३५ मध्ये मेटकाफने दिलेले मुद्रणस्वातंत्र्य त्यांचे, मुक्ताबाईचा निबंध छापणारे पत्रही त्यांचेच. यातला प्रत्येक तपशील खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. १८५७ मध्ये निघालेली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती आजही अभ्यासकाच्या हाताशी असते, आणि तिच्यात मराठी पंडितांच्या श्रमांचाही मोठा वाटा आहे. पण साधन कोणी आणले आणि ते कशासाठी वापरले गेले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मिशनने छापखाना आणला तो शुभवर्तमान छापायला, त्यातून शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. सरकारने एल्फिन्स्टनमध्ये शिकवले ते कारकून आणि अंमलदार मिळावेत म्हणून. त्या विद्यार्थ्यांनी पदरमोड करून १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेले भाऊ दाजी लाड यांनी १८५२ च्या २६ ऑगस्टला बॉम्बे असोसिएशन काढली आणि कंपनीच्या कारभाराविषयीची तक्रार थेट पार्लमेंटकडे पाठवली. तिच्यात मराठी, गुजराती, पारशी असे निरनिराळे लोक एकत्र आले होते, आणि जातीच्या किंवा धर्माच्या नावाने त्यांनी दाद मागितली नव्हती. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन सुटली, आणि १८५४ मध्ये अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असे टपालाचे दर ठरले. गाडी आणि टपाल सरकारने आपल्या सोयीसाठी काढले, त्यांतून वृत्तपत्रांचे गठ्ठे मात्र त्याच सरकारवर टीका घेऊन गावोगाव जाऊ लागले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हे वाचणारे होते तरी किती? वृत्तपत्रांचे वर्गणीदार शेकड्यांत मोजावेत इतके थोडे, आणि त्यांतले बहुतेक वरच्या जातींचे पुरुष. मग चारचौघे वाढले म्हणायचे की एका पेठेऐवजी दोन शहरांतले तेच ते लोक एकमेकांना लिहू लागले म्हणायचे? या आक्षेपाला जोतीरावांच्या चरित्रातूनच बळ मिळते. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. गरीब कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो आणि विद्येशिवाय त्यांची सुटका कशी नाही, असे ते नाटक आहे. कमिटीने ते नाकारले. सर्वांसाठी उघडलेले दार याच माणसापुढे बंद झाले, आणि ते नाटक छापले गेले १९७९ मध्ये. हे उदाहरण मी झटकून टाकणार नाही, कारण या काळाची मर्यादा इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. पण त्यातूनच दुसरीही गोष्ट दिसते. शास्त्र्यांच्या सभेपुढे शूद्राने ग्रंथ ठेवण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. कमिटीपुढे तो ठेवता आला, कारण उपयुक्त मराठी ग्रंथ कोणीही लिहावा असे तिचे म्हणणे होते. म्हणून तिने नकार दिला तेव्हा तो तिच्याच शब्दाला बट्टा ठरला आणि त्याचा जाब मागता आला. जोतीरावांनी तो पुढे मागितलाच. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली, त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. ज्यांना अंगणात घेतले नाही त्यांनी आपले अंगण घातले, आणि तेही सर्वांसाठी उघडे ठेवले. १८५५ ते १८७३ ही मधली अठरा वर्षे मात्र कोणाला भरून देता येणार नाहीत. या काळाचा गौरव करणाऱ्याने तेवढे देणे मान्य करूनच पुढे जावे.

तिसरा आक्षेप १८५७ चा आहे, आणि तो रंगो बापूजींच्या रूपाने समोर उभा राहतो. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते १८४० च्या सुमारास लंडनला गेले आणि बारा-तेरा वर्षे तिथे झगडले. त्यांनी अर्ज केले, पत्रके छापली, कंपनीच्या भागीदारांच्या सभांत आपले म्हणणे मांडले. उघडपणे करता येण्यासारखे जे जे होते ते सर्व त्यांनी केले. त्या अवधीत महाराज काशीला नजरकैदेत वारले आणि राज्यही खालसा झाले. हात हलवीत परत आलेल्या या माणसाने शेवटी कटाचा मार्ग धरला. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याला त्यांच्या मुलासह सतरा जणांना मृत्युदंड झाला, आणि रंगो बापूजी सरकारच्या हाती लागले नाहीत ते नाहीतच. मग उघडेपणाने काय मिळाले, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अवमानाचा नाही, तो दुःखाचा आहे. माझे उत्तर असे की रंगो बापूजी ज्यांच्यापुढे बोलले ते त्यांचे लोक नव्हते. कंपनीचे भागीदार हे कंपनीच्या नफ्याचे धनी होते, साताऱ्याच्या रयतेपैकी तिथे कोणी नव्हते. बोलणे उघड असून भागत नाही, ज्यांचे नुकसान होते ते ऐकणाऱ्यांत असावे लागतात. सरकारलाही नेमकी याचीच भीती होती. उठावाचा भडका होताच १८५७ च्या जूनमध्ये छापखान्यांवर वर्षभरासाठी परवान्याचा कायदा आला. आणि भीतीने शब्द किती काळ कोंडले जातात हे पाहायचे असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचे पुस्तक पाहावे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, त्याने शहराची कत्तल डोळ्यांनी पाहिली, आणि गावी परतला तो गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' छापून आले १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर आणि काटछाट होऊन. मूळ संहिता वाचकांपुढे यायला १९६६ उजाडले. मराठी माणसाने पाहिलेल्या उठावाची ही साक्ष पन्नास वर्षे चारचौघांपुढे येऊ शकली नाही. उठावाचे महत्त्व कमी न करता मला एवढेच म्हणायचे आहे की तो समजून घेण्यासाठीसुद्धा आपल्याला छापील शब्दाकडेच यावे लागले.

म्हणून पुढची प्रकरणे वाचताना वाचकांनी प्रत्येक व्यक्तीला एक प्रश्न विचारावा: हा माणूस कोणापुढे बोलत होता? दरबारापुढे, जातीपुढे, सरकारपुढे, की ज्यांना तो ओळखत नव्हता अशा लोकांपुढे? या प्रश्नाने जांभेकर आणि विष्णुबुवा मतभेद असूनही एका बाजूला येतील, आणि दादोबांसारखा थोर माणूस एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना दिसेल. त्यांच्या व्याकरणाने मराठी सर्वांच्या हाती दिली, त्यांच्या सभेने दार लावून घेतले. माणसे अशी दुहेरी असतात, आणि त्यांना तसेच पाहावे. आज आपल्याकडे बोलायला जागांची वाण नाही. तरीही आपल्या जातीतल्या, आपल्या पक्षाच्या, आपल्याच मताच्या माणसांत बोलून समाधान मानण्याची सवय पुन्हा वाढते आहे, आणि न पटणारे कोणी बोलले की बहिष्काराची जुनी भाषा नव्या तोंडी येते. अशा वेळी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मूठभर माणसांनी किती किंमत मोजून अनोळखी ऐकणाऱ्यावर विश्वास टाकला, हे आठवणे उपयोगाचे आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर वाचकांनी इथेच थांबू नये. लोकहितवादींची पत्रे, विष्णुभटांचा प्रवास, 'तृतीय रत्न' आणि मुक्ताबाईचा निबंध आज मराठीत उपलब्ध आहेत. ते आपल्यासाठीच लिहिलेले आहेत, ते मुळातून वाचावेत.